जे जाणवत नाही ते शिकवण्याचा इतिहास : प्रारण-सुरक्षेचे प्रशिक्षण कसे घडले

१/२४
रुग्णालयातील क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बॅज अडकवलेला असतो. ते ओळखपत्र नव्हे. त्या व्यक्तीच्या शरीराने ठरावीक काळात किती प्रारण झेलले, याचा हिशेब तो बॅज ठेवतो. प्रारण म्हणजे रेडिएशन. हा हिशेब ठेवण्याची आणि तो का ठेवायचा हे शिकवण्याची प्रथा कशी रुजली, हा आजच्या धाग्याचा विषय. या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : धोका ठाऊक झाल्यावर तो कोणाला सांगितला गेला, आणि कोणाला सांगायचा राहून गेला?

२/२४
८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना आपल्या प्रयोगशाळेत एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्याला 'क्ष' हे नाव दिले. डिसेंबरच्या अखेरीस त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पत्नीच्या हाताची, बोटातल्या अंगठीसह उमटलेली हाडांची प्रतिमा जगभर पोहोचली. राँटगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. लागणारी नळी, विद्युत कुंडल आणि छायाचित्रणाच्या काचा अनेक प्रयोगशाळांत आधीच होत्या. त्यामुळे काही महिन्यांतच डॉक्टर, वीजकाम करणारे, छायाचित्रकार आणि हौशी प्रयोगकर्ते क्ष-किरणे निर्माण करू लागले. यंत्र हाती येण्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती, कोणताही परवाना नव्हता.

३/२४
त्या काळी भीती का वाटली नाही, हे समजून घ्यायला हवे. आग चटका देते, विजेचा झटका बसतो, विषारी वायूला अनेकदा वास असतो. क्ष-किरणांना रंग नाही, गंध नाही, स्पर्श नाही. शिवाय परिणाम उशिरा दिसतो. त्वचेची लाली काही दिवसांनी, व्रण काही आठवड्यांनी आणि कर्करोग कित्येक वर्षांनी. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडले, की माणसाचा अनुभव त्याला शहाणे करू शकत नाही. भरीस भर म्हणजे नळी नीट चालते का, हे पाहण्यासाठी अनेक चालक स्वतःचाच हात किरणांसमोर धरून पडद्यावर हाडांची सावली बघत. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे.

४/२४
तरीही पहिले इशारे फार लवकर मिळाले. १८९६ मध्येच अमेरिकेतील एलिहू टॉमसन यांनी आपल्या डाव्या हाताची करंगळी काही दिवस रोज अर्धा तास मुद्दाम किरणांसमोर धरली. तिला सूज आली, फोड आले आणि वेदना सुरू झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस वोल्फ्राम फुक्स यांनी तीन सूचना प्रसिद्ध केल्या : किरणांचा मारा शक्य तितका थोडा वेळ ठेवावा, नळी शरीरापासून किमान १२ इंच दूर असावी आणि त्वचेवर व्हॅसलिन चोळावे. व्हॅसलिनचा उपाय निरुपयोगी होता. पण वेळ, अंतर आणि मध्ये काहीतरी आडोसा हा सांगाडा शोधानंतर वर्षभरातच उभा राहिला होता. आजचे प्रशिक्षण याच तीन शब्दांवर उभे आहे.

५/२४
मग पुढे जे घडले ते का घडले? क्लॅरेन्स डॅली यांचे उदाहरण पाहू. ते टॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत काच फुंकण्याचे काम करणारे साहाय्यक होते. १८९६ पासून एडिसन यांनी क्ष-किरण दर्शकावर, म्हणजे हाडे थेट पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर काम सुरू केले. चाचण्यांसाठी डॅली यांचे हात रोज वापरले जात. डावा हात दुखावला की उजवा पुढे येई. व्रण भरेनात, कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि अखेर दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी ते गेले. त्याआधीच एडिसन यांनी क्ष-किरणांवरील काम थांबवले होते. मालकाला थांबण्याची मुभा होती. साहाय्यकाचे हात तोवर वापरून झाले होते.

६/२४
याच काळात बॉस्टनमध्ये विल्यम रोलिन्स नावाचे दंतवैद्य शांतपणे प्रयोग करत होते. १९०१ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की त्वचेवर भाजल्याची खूण नसतानाही क्ष-किरणांनी गिनीपिग मरू शकतो. म्हणजे 'चटका दिसत नाही, तर धोका नाही' हा समज खोटा होता. त्यांनी उपायही सांगितले. नळी शिशाच्या आवरणात बंद करावी, किरणांना लहानशा छिद्रातूनच बाहेर येऊ द्यावे, चालकाने शिसेयुक्त काचेचा चष्मा लावावा आणि रुग्णाच्या शरीराचा तपासायचा भाग सोडून बाकीचा झाकावा. आजच्या कोणत्याही क्ष-किरण कक्षात हे सारे सापडते. रोलिन्स यांच्या हयातीतील बहुसंख्य व्यावसायिकांनी मात्र त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

७/२४
या दुर्लक्षाचे खापर केवळ अज्ञानावर फोडता येत नाही. ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. ते वाचण्याची, शिकण्याची आणि शिकल्याचे सिद्ध करण्याची सक्ती कोणावरही नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोतील एलिझाबेथ फ्लाइशमन यांनी हिशेबनीसाचे काम सोडून क्ष-किरण चित्रणात नाव कमावले. स्पेन-अमेरिका युद्धातील जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या त्यांनी अचूक दाखवल्या. १९०५ मध्ये त्यांचा कर्करोगाने मृत्यू झाला. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कसाबियन स्वतःच्या झिजत चाललेल्या हातांची छायाचित्रे पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदवत राहिले. १९१० मध्ये तेही गेले. या पिढीने पाठ्यपुस्तक लिहिले ते आपल्या देहावर.

८/२४
सामूहिक शहाणपणाची पहिली ठोस पायरी १९२१ ची. त्या वर्षी लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ आयर्नसाइड ब्रूस यांचे रक्तक्षयाने निधन झाले आणि ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. त्याच वर्षी ब्रिटिश क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती स्थापन होऊन तिने नियम प्रसिद्ध केले. दिवसाला ७ तासांहून अधिक काम नको, रविवारी आणि आठवड्यातून दोन वेळा अर्धा दिवस सुटी हवी, ती शक्यतो मोकळ्या हवेत घालवावी आणि वर्षाला एक महिन्याची रजा मिळावी. आज हे नियम भाबडे वाटतील. परंतु कामाची जागा कशी असावी हे ठरवण्याची जबाबदारी एकट्या कामगाराची नाही, हे तत्त्व येथे प्रथमच लेखी स्वरूपात आले.

९/२४
पुढची अडचण मोजमापाची होती. 'किती' हे सांगता येत नसेल, तर 'जास्त' म्हणजे काय हे कसे शिकवणार? १९२५ मध्ये आर्थर मुचेलर यांनी सुचवले, की त्वचा लाल होण्यासाठी जेवढी मात्रा लागते तिच्या शंभराव्या भागाहून अधिक मात्रा ३० दिवसांत मिळू नये. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत 'राँटगेन' हे एकक स्वीकारले गेले आणि आंतरराष्ट्रीय संरक्षण समिती स्थापन झाली. १९३४ मध्ये या समितीने दिवसाला ०.२ राँटगेन ही मर्यादा दिली. दरम्यान, १९२७ मध्ये हर्मन म्युलर यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून दाखवले, की क्ष-किरणांनी आनुवंशिक बदलही घडतात. त्वचेवर काहीच न उमटताही पुढच्या पिढीत खूण उमटू शकते, हा या प्रयोगाचा गंभीर अर्थ होता.

१०/२४
४ एप्रिल १९३६ रोजी जर्मनीतील हॅम्बर्गमध्ये, संत जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात एक स्मारक उभे राहिले. क्ष-किरणे आणि रेडियम यांच्याबरोबर काम करताना प्राण गमावलेल्यांचे ते स्मारक. आरंभी त्यावर १५ राष्ट्रांतील १६९ नावे होती. १९५९ पर्यंत ही संख्या ३५९ झाली. डॉक्टर, पदार्थवैज्ञानिक, रसायनशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, परिचारिका अशा साऱ्यांची नावे त्यात आहेत. युद्धस्मारके आपल्या परिचयाची असतात. एखाद्या तंत्राच्या शिकाऊ काळात बळी गेलेल्यांचे स्मारक विरळा. या स्मारकाकडे आपण धाग्याच्या शेवटी पुन्हा वळू.

११/२४
रुग्णालयांत असे नियम येत असताना तेच किरण दुसरीकडे चपलांच्या दुकानात पोहोचले होते. १९२० च्या दशकापासून अमेरिका आणि युरोपातील दुकानांत पाऊल बुटात नीट बसते का, हे दाखवणारी क्ष-किरण यंत्रे आली. लाकडी पेटीच्या खाली पाय सरकवायचे आणि वरच्या भिंगातून स्वतःची हाडे बघायची. मुलांना तर ही गंमतच वाटे. १९५० च्या दशकाच्या आरंभी एकट्या अमेरिकेत अशी सुमारे १०,००० यंत्रे असल्याचा अंदाज होता. चालक होता दुकानातला विक्रेता. त्याला ना मात्रा ठाऊक, ना मर्यादा, आणि तो दिवसभर यंत्राशेजारी उभा. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया या राज्याने प्रथम त्यांवर बंदी घातली. नियम इमारतीला लावला जातो, किरणांना नाही, याचा हा उत्तम दाखला.

१२/२४
इतिहासाला खरे वळण मिळाले १९४२ मध्ये शिकागोत. आर्थर कॉम्प्टन यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेत जगातील पहिली अणुभट्टी उभी राहत होती. २ डिसेंबर १९४२ रोजी ती कार्यान्वित झाली. तोवरच्या डॉक्टरांनी रेडियमच्या ग्रॅमभर साठ्याला मौल्यवान मानले होते. आता त्याच्या अनेक पट किरणोत्सर्ग एकाच इमारतीत निर्माण होणार होता, आणि त्याभोवती हजारो माणसे काम करणार होती. मागच्या पिढीचे हात कॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून इजा होण्याची वाट न पाहता, भट्टी सुरू होण्याआधीच डॉ. रॉबर्ट स्टोन यांच्या आरोग्य विभागात एक वेगळा गट नेमण्यात आला.

१३/२४
या गटाने ज्या व्यवसायाला जन्म दिला त्याचे नाव 'हेल्थ फिजिक्स', म्हणजे आरोग्य भौतिकी. अर्नेस्ट वोलन आणि कार्ल मॉर्गन हे वैश्विक किरणांचे अभ्यासक होते. अतिशय क्षीण प्रारण मोजण्याची सवय त्यांच्या हाताला होती. हर्बर्ट पार्कर मूळचे इंग्लंडचे. रुग्णांना रेडियमची मात्रा नेमकी कशी द्यावी याची पद्धत बसवण्यात त्यांचा वाटा होता. या लोकांनी मोजणीची साधने घडवली, फिल्म बॅज वापरात आणले, कामाच्या जागांची पाहणी केली आणि कामगारांना शिकवले. सुरक्षा हे ज्याचे जोडकाम नसून मुख्य काम आहे, असा माणूस या क्षेत्रात प्रथमच पगारावर आला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर या व्यवसायाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि मॉर्गन तिचे पहिले अध्यक्ष झाले.

१४/२४
आता थोडे या शिक्षणाच्या आशयाविषयी. पहिला शब्द वेळ : मारा निम्मा वेळ झाला तर मात्रा निम्मी. म्हणून अवघड काम आधी नकली स्रोतावर घोटून घ्यायचे. दुसरा शब्द अंतर : लहान स्रोतापासून १ मीटरऐवजी २ मीटरवर उभे राहिले तर तीव्रता एक-चतुर्थांश होते, ३ मीटरवर एक-नवमांश. म्हणून स्रोत बोटांनी कधीही उचलायचा नाही, लांब चिमट्याने उचलायचा. तिसरा शब्द आडोसा : रुग्णालयातला शिशाचा अंगरखा साधारण अर्ध्या मिलिमीटर शिशाइतका असतो आणि विखुरलेल्या क्ष-किरणांपुढे तो उत्तम चालतो. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची तीव्रता नुसती निम्मी करायलाही सुमारे १२ मिलिमीटर शिसे लागते. तेथे त्या अंगरख्यावर विसंबणे म्हणजे घात.

१५/२४
प्रशिक्षणात आणखी एक भेद पहिल्याच दिवशी ठसवला जातो. क्ष-किरण यंत्राची वीज बंद केली की किरण थांबतात. खोलीत काही उरत नाही. कोबाल्टसारख्या किरणोत्सर्गी स्रोताला कळ नसते. त्याची शक्ती आपल्या गतीनेच उतरते. कोबाल्ट-६० ची दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते. तो वापरात असो, कुलपात असो वा विस्मरणात, तो सतत प्रारण सोडतच असतो. यंत्र निकामी झाले म्हणजे धोका संपला, हा रोजच्या व्यवहारातला साधा तर्क येथे लागू पडत नाही. या धाग्याच्या उत्तरार्धातील दोन्ही दुर्घटना याच तर्कातून घडल्या आहेत.

१६/२४
एक उपकथा आवश्यक आहे. रेडिओ लहरी आणि सूक्ष्मतरंग हीसुद्धा विद्युतचुंबकीय प्रारणेच. परंतु त्यांच्या अंगी अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी शक्ती नसते. त्यांचा सिद्ध झालेला मुख्य परिणाम म्हणजे ऊतींचे तापणे. दुसऱ्या महायुद्धात रडार आले आणि त्याच्या चालकांचा प्रश्न उभा राहिला. १९५३ मध्ये हर्मन श्वान यांनी दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट ही मर्यादा सुचवली. भारतात मोबाइल मनोऱ्यांसाठीची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश करण्यात आली. रस्त्यावरून जाणाऱ्यापेक्षा चालू अँटेनाजवळ चढणाऱ्या कामगाराला या शिक्षणाची निकड अधिक. कशाला भ्यावे इतकेच कशाला भिऊ नये, हेही प्रशिक्षणातच शिकायचे असते.

१७/२४
आता आपल्याकडे येऊ. १९५४ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे अणुऊर्जा संस्था सुरू झाली; आज आपण तिला भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखतो. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे 'अप्सरा' ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. भट्टीबरोबरच सुरक्षेचा व्यवसायही रुजला. ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखाली आरोग्य भौतिकीचा विभाग वाढला. १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. देशभरातील कर्करोग रुग्णालयांत किरणोपचाराची मात्रा तपासणाऱ्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या कित्येक पिढ्या या वर्गातून बाहेर पडल्या.

१८/२४
कायद्याची चौकटही क्रमाने आली. १९६२ चा अणुऊर्जा कायदा, १९७१ चे प्रारण संरक्षण नियम, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना आणि २००४ चे सुधारित नियम. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. किरण वापरणाऱ्या संस्थेने प्रशिक्षित रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर नेमणे आवश्यक ठरले. कामगारासाठी ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आली. फिल्मची जागा टीएलडी बॅजने घेतली. त्याच्या चकत्यांतील कॅल्शियम सल्फेट तापवले की साठलेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देते. धाग्याच्या आरंभी पाहिलेला बॅज तो हाच.

१९/२४
कागदावर इतके नेटके दिसणारे चित्र जमिनीवर कसे होते? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात दाखवून दिले, की देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० केंद्रे नियामक मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली सुमारे ९१ टक्के केंद्रे नियमनाच्या कक्षेबाहेर होती. प्रत्येक राज्यात प्रारण-सुरक्षा संचालनालय असावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला होता. अहवाल आला तेव्हा असे संचालनालय केवळ केरळ आणि मिझोराममध्ये स्थापन झालेले होते. पुढे नोंदणीची प्रक्रिया संगणकीकृत होऊन तिला वेग आला, हेही नोंदवायला हवे.

२०/२४
हे दुखणे एकट्या भारताचे नाही. अमेरिकेत कार्ल मॉर्गन यांनी १९६० च्या दशकात दवाखान्यांतील अनावश्यक मात्रेविरुद्ध आवाज उठवला. १९६८ च्या कायद्याने यंत्रांच्या निर्मितीवर बंधने आणली. यंत्र सुधारले, पण चालवणाऱ्याचे काय? १९८१ मध्ये क्ष-किरण चालकांचे शिक्षण आणि प्रमाणपत्र यांच्या किमान निकषांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तो पाळायचा की नाही हे मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले. रोलिन्स यांच्या इशाऱ्यानंतर ८० वर्षांनीही 'शिकल्याशिवाय कळ दाबू नये' हे वाक्य सर्वत्र सक्तीचे झाले नव्हते.

२१/२४
आतापर्यंतचे सारे लोक निदान कामावर तरी होते. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात वर्तुळच बदलले. स्थलांतर केलेल्या एका दवाखान्याच्या ओस जागेत सीझियम-१३७ चे उपचारयंत्र राहून गेले होते. भंगार मिळेल या आशेने दोघांनी ते उचकटून नेले. आतली पूड अंधारात निळसर चकाकत होती. भंगारवाल्याने ती कौतुकाने आप्तेष्टांत वाटली. एका लहान मुलीच्या हाताला आणि जेवणालाही ती लागली. चौघे दगावले. २४९ जणांवर दूषितपणा आढळला आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. डॉक्टर, तंत्रज्ञ, सुरक्षा अधिकारी यांपैकी कोणीही त्या घरात नव्हते.

२२/२४
एप्रिल २०१० मध्ये हाच धडा दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराला मिळाला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० चे एक जुने गॅमा यंत्र होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला. पंचवीस वर्षांत कोबाल्टची शक्ती सुमारे पंचवीस पटींनी घटली होती. उरली होती तीही जीव घेण्यास पुरेशी ठरली. भंगारात ते फोडले गेले. एकाने त्यातील तुकडा पाकिटात बाळगला. सात जणांना गंभीर बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. विकणारी संस्था ज्ञानाची होती. फोडणाऱ्या हातांना त्या ज्ञानातले एक अक्षरही कोणी सांगितले नव्हते. क्लॅरेन्स डॅली यांचे हात येथे शंभर वर्षांनी पुन्हा भेटतात.

२३/२४
अशा हातांसाठी काय करता येईल? पिवळ्या पार्श्वभूमीवरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह आपण पाहिलेले असते. ते १९४६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे घडले. मात्र त्याचा अर्थ शिकलेल्यालाच कळतो. इतरांना ते पंख्याचे पातेही वाटू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवे चिन्ह घडवले आणि ११ देशांतील लोकांना दाखवून त्यांना काय समजते ते तपासले. फेब्रुवारी २००७ मध्ये ते जाहीर झाले : लाल त्रिकोण, वर किरण सोडणारी पाकळी, खाली कवटी आणि दूर पळणारा माणूस. ते यंत्राच्या बाहेर नसून आत, स्रोताच्या निकट लावायचे असते. उचकटणाऱ्याला शेवटच्या क्षणी थांबवण्यासाठी. ज्याने कोणताही वर्ग पाहिलेला नाही त्याच्यासाठीचा हा एका चित्राचा वर्ग.

२४/२४
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात ज्ञानाच्या वाढीपेक्षा ज्ञानाच्या वाटपाचा इतिहास अधिक दिसतो. १८९६ च्या तीन सूचनांपासून पगारी सुरक्षातज्ज्ञापर्यंत ४६ वर्षे लागली. तेथून भंगार बाजारापर्यंतचा रस्ता अजून पुरता झालेला नाही. हॅम्बर्गच्या शिळेवर या व्यवसायातील माणसांची नावे आहेत. गोयानियाचे कुटुंब आणि मायापुरीचा कामगार त्या व्यवसायात नव्हते; त्यामुळे त्यांची जागा तेथे नाही.

आपल्या परिसरात एखाद्या बंद दवाखान्यातून, प्रयोगशाळेतून वा कारखान्यातून निघालेली विलक्षण जड, शिशाची पेटी किंवा तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली वस्तू दिसली, तर ती उघडू नका, हलवू नका. दूर व्हा, इतरांनाही दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा. आणि ओळखीत कोणी भंगाराचा व्यवसाय करत असेल, तर हा धागा वाचून न दाखवता दोन्ही चिन्हे त्यांना अवश्य दाखवा. धागा समाप्त.